सोबतीचे थेंब

केतकीला माळींच्या घरात येऊन आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत शर्वरीने तिला एकदाही कशानेच हाक मारली नव्हती. आई नाही, मावशी नाही, ताईसुद्धा नाही. काही सांगायचंच असलं तर ती दारात येऊन उभी राहायची, केतकीचं लक्ष जाईपर्यंत थांबायची आणि मग म्हणायची, "तुम्ही माझा निळा टॉवेल धुवायला टाकलात का?" उत्तर मिळालं की आल्या पावली परत. पोरगी उद्धट नव्हती. भांडत नव्हती, ताट सरकवत नव्हती. तेरा वर्षांच्या मुलीने केलेला त्रास केतकीने निभावून नेला असता. पण इथे निभावून न्यायला काही नव्हतंच.

शर्वरीची आई चार वर्षांपूर्वी गेली. वडील विक्रांत जतकडच्या सौरऊर्जा प्रकल्पावर सुपरवायझर. शनिवारी दुपारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस मिरजेच्या त्या फ्लॅटमध्ये दोघीच. केतकी मूळची बेळगावची. पहिलं लग्न दोन वर्षांत मोडल्यावर बारा वर्षं एकटी राहिलेली, आणि आता एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा डाव मांडलेला. मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रक्तातली संप्रेरकं मोजायचं काम करायची. कुणाच्या रक्तात किती ताण आहे हे तिला आकड्यात सांगता यायचं. घरातला ताण मात्र तिला मोजता येत नव्हता.

एप्रिलच्या शेवटी बेळगावहून एका मोठ्या लॅबचा निरोप आला. मुख्य तंत्रज्ञाची जागा. तीन आठवड्यांत कळवा. केतकीने हे विक्रांतला सांगितलं नाही. सांगायचं ठरवलं नव्हतं असंही नाही. फक्त रोज वाटायचं, उद्या सांगू.

त्याच आठवड्यात शर्वरीने वडिलांकडे मासे मागितले. सुट्टी लागली होती, बाहेर पारा चव्वेचाळीसवर, आणि दुपारी बारा ते पाच मुलांना बाहेर सोडू नका अशा सूचना रोज फोनवर येत होत्या. विक्रांतने जतहूनच सांगितलं, "केतकी, तू घेऊन जा तिला दस्तगीरचाचांकडे."

दस्तगीर मुजावरांचं दुकान मार्केटजवळ होतं. साठीचे गृहस्थ, तीस वर्षं माशांच्या धंद्यात. शर्वरी टाक्यांसमोरून दोनदा फिरली आणि दोन एंजल मासे दाखवले. एक काळाभोर, लांब पंखांचा. दुसरा त्याहून लहान, चंदेरी, अंगावर उभे पट्टे. दोघे वेगवेगळ्या टाक्यांत होते.

"बाळ, ही जोडी नाही," चाचा म्हणाले. "अनोळखी आहेत एकमेकांना. मोठा धाकट्याला फाडून ठेवील."

"मला हेच पाहिजेत."

"ताई, सांगा की तिला. मोठे झालेले दोन असे आणून सोडत नाहीत."

केतकीने शर्वरीकडे पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती काहीतरी हट्टाने मागत होती. "हेच द्या," केतकी म्हणाली.

चाचांनी मान हलवली आणि सगळं नीट समजावलं. पिशवी अर्धा तास तशीच पाण्यावर तरंगू द्यायची, म्हणजे आतलं-बाहेरचं पाणी एकसारखं होतं. मग पेलाभर पाणी पिशवीत, पुन्हा थोड्या वेळाने पेलाभर. दिवा बंद. पहिल्या दिवशी खायला काही नाही. "नवीन घरात आल्या आल्या कुणाला भूक लागते का?" ते म्हणाले. केतकीला ते वाक्य उगाच लागलं.

मंगळवारी मासे टाकीत सोडले. बुधवारी सकाळी चंदेरी फिल्टरमागे लपलेला होता आणि त्याची शेपटी फाटलेली होती. काळा काचेपाशी संथ फेऱ्या घालत होता. शर्वरी दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल होते. "तुम्ही चाचांना फोन करता का?"

त्या दिवशी संध्याकाळी चाचांनी घरी येऊन 'सोबती' बसवून दिला. काडेपेटीएवढी पांढरी डबी, टाकीच्या आतल्या बाजूला चिकटणारी. गेल्या वर्षापासून माशांच्या प्रत्येक दुकानात ती दिसायला लागली होती. तिचं काम केतकीला चाचांपेक्षाही लवकर कळलं, कारण ते तिच्याच विषयातलं होतं. घाबरलेला मासा ताणाचं संप्रेरक कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. डबीतला संवेदक पाण्यातलं ते प्रमाण मोजतो. ते वाढलं की डबी दुसरं एक रसायन अगदी किंचित, थेंबाच्या हजाराव्या हिश्शाएवढं, पाण्यात सोडते. माशाच्या मेंदूत जोडीदाराशी सूत जुळताना अमिनो आम्लांच्या नऊ दुव्यांची एक बारीक साखळी तयार होते. तिचीच ही कारखान्यात बनवलेली, पाण्यात लवकर न मोडणारी नक्कल. कल्ल्यांतून ती रक्तात जाते, आणि समोरचा मासा परका वाटेनासा होतो.

"म्हणजे जबरदस्तीची मैत्री," केतकी म्हणाली.

"भीती काढून घेते फक्त, असं कंपनी म्हणते," चाचा म्हणाले. "पुढचं ज्याचं त्याने करायचं."

चौथ्या दिवशी चंदेरी फिल्टरमागून बाहेर आला. सहाव्या दिवशी दोघे एका रेषेत पोहत होते, एकाने वळावं की दुसऱ्याने वळावं असे. टाकी हॉलमध्ये होती. उन्हामुळे खिडक्या दिवसभर बंद, एसी चालू, आणि टाकीत हवेच्या बुडबुड्यांचा अखंड बुडबुड आवाज. शर्वरी तिच्या खोलीतून उठून हॉलमध्ये बसायला लागली. आधी पुस्तक घेऊन, मग पुस्तकाशिवाय. केतकी लॅबमधून आली की सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसायची. एकदा शर्वरी आपणहून म्हणाली, "काळ्याला डाव्या बाजूचा कोपरा आवडतो." दुसऱ्या दिवशी तिने केतकीसाठीही सरबत केलं. साखर जास्त झाली होती. केतकी पेला संपवून मोकळी झाली.

दहाव्या दिवशी संध्याकाळी शर्वरी सोफ्यावर सरकत सरकत जवळ आली आणि केतकीच्या खांद्यावर डोकं टेकून माशांकडे बघत राहिली. केतकी हलली नाही. बऱ्याच वेळाने पोरगी बोलायला लागली, पाण्याकडे बघतच.

आई दवाखान्यात होती तेव्हाची गोष्ट. सकाळी आत्या बाहेर आली आणि म्हणाली, चल, आई बोलावतेय. शर्वरी बाकावर पडली होती. तिला आत जायचं नव्हतं. आईचा चेहरा बदलला होता, तिला भीती वाटत होती. म्हणून तिने डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. आत्या परत गेली. अर्ध्या तासाने आई गेली.

"पप्पा सगळ्यांना सांगतात, पोर झोपली होती म्हणून उठवलं नाही. मी जागी होते." तिचा आवाज सपाट होता. "तू सांगणार नाहीस ना त्यांना?"

केतकीला गोष्ट ऐकून जेवढं भरून आलं, तेवढंच त्या 'तू'ने आलं. "नाही सांगणार," ती म्हणाली. नऊ वर्षांच्या पोरीने घाबरणं हा गुन्हा नाही, असंही म्हणाली, आणि बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच सोफ्यावर बसून, तिने बेळगावला कळवून टाकलं की आपल्याला येता येणार नाही.

त्यानंतरच्या बुधवारी चाचा अचानक दारात उभे राहिले. हातात टाकीच्या मापाचं काचेचं झाकण. घाम पुसत ते आत आले, पाणी प्यायले, आणि शर्वरी अंघोळीला गेली आहे हे कळल्यावर हळू आवाजात बोलले.

"ताई, कंपनीची सूचना आलीय. टाकीवर झाकण पाहिजे आणि खिडक्या उघड्या पाहिजेत. बुडबुडे वर येऊन फुटतात ना, तेव्हा बारीक तुषार उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. त्या तुषारांत ते रसायन असतं."

केतकीने डोळे मिटले. पुढचं तिला माहीत होतं. बुडबुडा फुटतो तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागावर साचलेलं सगळं घेऊन हवेत उडतो. ते तुषार बंद खोलीत तासन्तास तरंगत राहतात आणि श्वासातून नाकात जातात. माणसाच्या शरीरात, आई बाळाला पाजते तेव्हा, माणसं एकमेकांच्या जवळ येतात तेव्हा, जे संप्रेरक पाझरतं तीही नऊ दुव्यांचीच साखळी. माशाच्या साखळीत आणि आपल्या साखळीत फरक फक्त दोन दुव्यांचा.

"माणसावर परिणाम होतो?" तिने विचारलं.

"होऊ शकतो, असं लिहिलंय. होतो असं नाही लिहिलेलं. नाही होत असंही नाही." चाचांनी पेला खाली ठेवला. "माझ्या दुकानात अशा तीस डब्या चालू आहेत, ताई. माझा थोरला भाऊ अकरा वर्षं बोलत नव्हता माझ्याशी. मार्चमध्ये दुकानात आला, दोन तास बसला, रडला, मी पण रडलो. आता तो रोज येतो चहाला. त्याला सांगू का नको, हे मला समजंना झालंय."

ते गेल्यावर केतकीने झाकण उचललं, टाकीपर्यंत नेलं. तेवढ्यात शर्वरी ओल्या केसांनी बाहेर आली आणि म्हणाली, "वेणी घालून दे ना." केतकीने झाकण गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलं. फक्त वेणी होईपर्यंत, असं स्वतःला सांगितलं.

झाकण तिथेच राहिलं. बुधवार गेला, गुरुवार गेला. खिडक्या बंदच होत्या. बाहेर ऊनच तसं होतं, एवढं कारण तिला पुरलं.

लॅबमध्ये बसून ती हिशेब जुळवून बघायची. लाळेतून ते संप्रेरक मोजायची सोय त्यांच्याकडे होती. आपली आणि शर्वरीची लाळ तपासावी का? पण आकडा वाढलेला निघाला तर त्यातून काय कळणार? पोर खांद्यावर डोकं ठेवते तेव्हाही तो वाढतो. रडलं की वाढतो, कुणी मनातलं सांगितलं की वाढतो. बाहेरून आलेल्या साखळीला तपासणी वेगळं काढू शकली असती कदाचित, पण त्या साखळीमुळे काय झालं आणि तिच्याशिवायही काय झालंच असतं, हे कुठलं यंत्र सांगणार? आयुष्यभर आकड्यांवर विश्वास ठेवलेल्या बाईला पहिल्यांदाच आकडा नको वाटत होता.

मधल्या शनिवारी कामामुळे येऊ न शकलेला विक्रांत या शनिवारी आला. शर्वरी बापाशी आणि केतकीशी एका दमात बोलत होती, जेवताना हसत होती. तो बघतच राहिला. ती खोलीत गेल्यावर केतकीने त्याला सूचनेबद्दल सांगितलं. दवाखान्याची गोष्ट सांगितली नाही. तो शब्द दिलेला होता. बेळगावचंही सांगितलं नाही.

"चालू राहू दे," विक्रांत म्हणाला.

"असं कसं?"

"औषधाने ताप उतरला तर तो काय खोटा उतरला म्हणायचा?"

"ताप मोजता येतो, विक्रांत. आणि औषध घेणाऱ्याला ते घेतोय हे माहीत असतं."

"चार वर्षांत ती पहिल्यांदा जेवताना हसली. मला त्याचं कारण नकोय, केतकी. तुला कशाला हवंय?"

गेले तीन दिवस तिलाही ते नकोच होतं.

सोमवारी पहाटे तो गेला. उजाडल्यावर केतकीने डबी काढली, पुसून कपाटात ठेवली, टाकीवर झाकण बसवलं आणि सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. गरम वारा आत आला. शर्वरी उठून आली तेव्हा "हवा खेळती राहू दे" एवढंच केतकी म्हणाली.

दोन दिवसांत माशांची रेषा तुटली. काळा डाव्या कोपऱ्यात, चंदेरी उजव्या. मारामारी नाही, पण सोबतही नाही. शर्वरीही गप्प झाली, उकाड्याने चिडचिडी झाली, आपल्या खोलीत जाऊन पडायला लागली. केतकी तिच्यात खुणा शोधत होती. हे उकाड्याने आहे, की डबी काढल्याने? की आपणच तिच्याकडे दिवसभर असं डोळे लावून बघतोय म्हणून? आणि आपण तिच्याशी जपून बोलतोय ते प्रेमाने, की प्रेम उरलंय का हे चाचपायला? कशाचाच कशाशी ताळमेळ लागेना.

बुधवारी ती लॅबमधून आली तेव्हा शर्वरी हॉलच्या मध्यभागी उभी होती.

"मी चाचांना फोन केला. मासे वेगळे झाले म्हणून विचारायला. ते म्हणाले, झाकण लावल्यामुळे नाही होणार, डबी चालू आहे का बघ. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, तुम्ही मला सांगितलंच असेल."

केतकीने पर्स खाली ठेवली.

"झाकण कधी आलं?"

"मागच्या बुधवारी."

"आणि लावलं कधी?"

"या सोमवारी."

शर्वरीने बोटांवर दिवस मोजले. "पाच दिवस. पाच दिवस तुम्हाला माहीत होतं." तिचा आवाज चढला नाही. "मी ते दवाखान्यातलं कुणालाच सांगितलं नव्हतं. कधीच सांगणार नव्हते. ते मी सांगितलं की त्या डबीने?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही लॅबमध्ये काम करता."

"तरी माहीत नाही, शर्वरी. तू सांगितलंस तेव्हा मलाही यातलं काही माहीत नव्हतं. पण नंतरचे पाच दिवस माझे आहेत. त्यात डबीचा दोष नाही. तू माझ्याशी बोलायला लागली होतीस, ते थांबेल अशी भीती वाटली. आणि तुला अजून एक सांगते. मला बेळगावला नोकरी आली होती. मी जाणार होते, बहुतेक. तू मला ते सांगितलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी, इथेच बसून, मी नको म्हणून कळवलं. ते मी कळवलं की डबीने, तेही मला माहीत नाही."

"मग जा ना," शर्वरी म्हणाली आणि खोलीत गेली. गुरुवारी सकाळी तिने जयसिंगपूरच्या आत्याला फोन केला. आत्या दुपारच्या बसने येऊन तिला घेऊन गेली.

केतकीने डबी चाचांना परत नेऊन दिली. चाचांनी चार लहान एंजल बांधून दिले. "टाकीत सहा होऊ देत. गर्दीत भांडण वाटलं जातं. दोघांचं पटलं तर आपोआप बाजूला होतील. नाही पटलं तर सहा जण नुसते राहतील. तेही काही वाईट नाही." केतकीने ते पिशवीसकट पाण्यावर तरंगत ठेवले, अर्धा तास समोर बसून राहिली. घरात बुडबुड्यांशिवाय आवाज नव्हता.

शुक्रवारी बेळगावहून पुन्हा फोन आला. ज्यांना घेतलं होतं ते आले नाहीत, जागा अजून रिकामी आहे, सोमवारी संध्याकाळपर्यंत सांगा. केतकीने या वेळी विक्रांतला लगेच सांगितलं. पहिल्या वेळचंही सांगितलं. सगळं ऐकून घेऊन तो मग म्हणाला, "काल शर्वरीचा फोन आला होता मला. आत्याकडून. दवाखान्यातलं सांगितलं तिने." आणि पुढे, "मला माहीत होतं गं. मी दारातून बघत होतो, तिच्या पापण्या हलत होत्या. मीच ताईला, तिच्या आत्याला, म्हटलं, राहू दे तिला. मला वाटलं होतं, मी तिला झाकून घेतोय. ती इतकी वर्षं एकटीच ते घेऊन बसलीय, हे कळलंच नाही मला."

केतकी भिंतीला टेकून उभी राहिली. आत्याच्या घरात डबी नव्हती. तरी पोरीने सांगितलं होतं. पण एकदा तोंडातून निघालेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगणं सोपं असतं, हेही खरं. म्हणजे पुन्हा तिथेच.

सोमवारी रजा टाकून ती जयसिंगपूरला गेली. आत्याने शर्वरीला हाक मारली आणि आपण स्वयंपाकघरात गेली. शर्वरी बाहेर पडवीत येऊन पायरीवर बसली. केतकी तिच्या शेजारी, मध्ये हातभर अंतर ठेवून. समोरच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर उभा होता, बायका घागरी भरत होत्या.

"मासे मेले का?"

"नाही. अजून चार आणलेत."

"मला न विचारता?"

"हो. चुकलंच."

शर्वरीने पायरीवरचा खडा उचलून टाकला. "बेळगावला कधी जाणार?"

"त्यांचा पुन्हा फोन आला होता. आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय."

"मग?"

"ठरलं नाही."

"मला विचारू नका," शर्वरी म्हणाली. "मी जा म्हणेन आणि..." ती मध्येच थांबली.

"नाही विचारत."

टँकर पुढे गेला. केतकीने मनाशी चाचपून पाहिलं. सात दिवस झाले होते डबी काढून. शरीरात गेलेलं ते रसायन दोन-तीन दिवसांत निघून जातं असं कंपनीच्या कागदावर होतं. मागे राहिलेलं काय होतं, हे त्या कागदावर नव्हतं. माया म्हणावी तर तिला भीतीच जास्त वाटत होती. ही पोर आत निघून जाईल, याची. तिने फोन काढला आणि शर्वरीच्या देखत बेळगावचा नंबर लावला. "मी केतकी माळी बोलतेय. नाही जमणार मला. हो, विचार करूनच. नाही, दुसरीकडे कुठे नोकरी घेतलेली नाही. कारण अजून मलाच नीट कळलेलं नाही. पण नाही येत."

तिने फोन ठेवला.

"असं सांगतात का कुणी?" शर्वरी म्हणाली. "त्यांना वेडं वाटलं असेल."

"वाटलं असेल."

"खरं कारण काय आहे?"

"खरंच माहीत नाही गं."

शर्वरीने तिच्याकडे नीट पाहिलं, खोटं पकडायच्या नजरेने. मग नजर काढून घेतली. आतून आत्याने जेवायला हाक मारली. पोरगी उठली, फ्रॉकची धूळ झटकली आणि दारापाशी जाऊन वळली.

"मी आज नाही येणार. गुरुवारी आत्याकडे पापड करायचेत, मी लाटणार आहे. शुक्रवारी या. सकाळच्या बसने. दुपारी फार ऊन असतं."